ऑनलाइन मध्यस्थ की शोरूम: नवी गाडी घेताना कोणते काम कधी करावे

नवी गाडी घेताना आपल्याकडे पैसे आधी भरले जातात, मग नोंदणी होते, आणि गाडी मात्र सर्वांत शेवटी, हार-पेढे घेऊन कुटुंब शोरूमला पोहोचते त्या दिवशी पहिल्यांदा नीट पाहिली जाते. त्या वेळी दारावर ओरखडा दिसला किंवा गाडी आठ महिन्यांपूर्वी बनलेली निघाली, तरी ती तुमच्या नावावर झालेली असते आणि बदलून मागायला फारसा वाव उरलेला नसतो. ऑनलाइन मध्यस्थामार्फत खरेदी करणाऱ्यांच्या वाट्याला आणखी एक घोळ येतो, तो म्हणजे आपण गाडी नेमकी कोणाकडून घेत आहोत हेच त्यांना शेवटपर्यंत स्पष्ट नसते. पुढील टप्पे महाराष्ट्रात खासगी वापरासाठी नवी गाडी घेणाऱ्यांसाठी आहेत. खरेदी मध्यस्थामार्फत असो वा थेट शोरूममधून, क्रम हाच ठेवावा. एखादा टप्पा जागेवरून हलवला की पुढच्या टप्प्यातली तुमची ताकद कमी होते.

टप्पा १: समोरचा मध्यस्थ कोणत्या प्रकारचा आहे ते ओळखा

ऑनलाइन मध्यस्थ गाडी विकत नाही, हे प्रथम पक्के लक्षात घ्यावे. विक्रीचे बिल आणि विक्री प्रमाणपत्र, म्हणजे फॉर्म २१, देण्याचा अधिकार कंपनीच्या अधिकृत डीलरचा असतो. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली झालेल्या दुरुस्तीनुसार, ज्या राज्यात डीलर आहे त्याच राज्यात नव्या गाडीची नोंदणी व्हायची असेल, तर नोंदणीचा अर्जही डीलरनेच करायचा असतो. म्हणजे मध्यस्थ कितीही मोठा असला, तरी शेवटी तुमचा व्यवहार एखाद्या शोरूमशीच होतो.

व्यवहारात चार प्रकार दिसतात. पहिला प्रकार किमती आणि माहिती देणाऱ्या संकेतस्थळांचा. कारवाले किंवा कारदेखोवर ‘ऑफर पाहा’ म्हणून मोबाइल क्रमांक भरला की तो जवळच्या डीलरकडे जातो आणि तिथून पुढे सगळे बोलणे डीलरशीच होते. दुसरा प्रकार तीन-चार डीलरांकडून कोटेशन मागवून सर्वांत कमी भाव तुमच्यापुढे ठेवणाऱ्यांचा. यांना कमिशन बहुधा डीलरकडून मिळते, काही जण तुमच्याकडूनही शुल्क घेतात. तिसरा प्रकार व्हॉट्सअ‍ॅपवर आणि फेसबुकवर काम करणाऱ्या एकट्या एजंटांचा आणि तालुक्याच्या गावातल्या सबडीलरांचा, जे मोठ्या शहरातल्या डीलरकडून गाडी काढून देतात. चौथा प्रकार कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून बुकिंगचा, आणि तो मध्यस्थ मुळीच नव्हे.

काही कंपन्यांच्या बाबतीत हा प्रश्नच उद्भवत नाही. मर्सिडीज-बेंझने भारतात ऑक्टोबर २०२१पासून थेट विक्रीची पद्धत सुरू केली, ज्यात गाडी कंपनीच विकते आणि किंमत सर्वत्र एकच असते. टेस्लाने जुलै २०२५मध्ये मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलात दालन उघडले, तेव्हापासून तिची ऑर्डरही कंपनीच्या संकेतस्थळावरूनच घेतली जाते. अशा ठिकाणी ‘मी भाव कमी करून देतो’ असे सांगणाऱ्यापासून दूरच राहावे.

*पडताळणी: मध्यस्थाला एकच प्रश्न लेखी विचारा: बिल कोणत्या डीलरच्या नावाने येणार आहे? नाव मिळाले की ते कंपनीच्या संकेतस्थळावरील अधिकृत डीलरांच्या यादीत शोधा. ‘बुकिंगनंतर कळवू’ असे उत्तर आले, तर तिथेच थांबा.*

टप्पा २: कोणाशीही बोलण्याआधीची तयारी

भाव विचारण्यापूर्वी मॉडेल, व्हेरिएंट, इंधन, गिअरचा प्रकार आणि दोन पसंतीचे रंग एका कागदावर लिहून ठेवा. व्हेरिएंट ठरलेले नसताना मागवलेली दोन कोटेशने एकमेकांशी ताडून पाहता येत नाहीत, आणि ठरलेले नसलेले गिऱ्हाईक दिसले की विक्री प्रतिनिधी स्टॉकयार्डात, म्हणजे डीलरच्या गाड्या ठेवण्याच्या आवारात, पडून असलेल्या गाडीकडे त्याला वळवतो. चाचणी फेरी मात्र शोरूममध्येच घ्यावी. घरातली जी व्यक्ती गाडी सर्वांत जास्त चालवणार आहे तिने ती घ्यावी, आणि घराजवळचा चढ, गतिरोधक व पार्किंगची जागा यांची आठवण ठेवून घ्यावी.

त्यानंतर दोन बाहेरची कोटेशने हाताशी ठेवा. एक, तुमच्या बँकेचे कर्जाचे. दुसरे, विमा कंपनीच्या संकेतस्थळावरून घेतलेले विम्याचे. ही दोन कागदपत्रे नसतील, तर समोरचा जो आकडा सांगेल तोच तुम्हाला खरा मानावा लागेल. पॅन, आधार, पत्त्याचा पुरावा आणि छायाचित्रे यांची एक प्रत तयार ठेवा, पण बुकिंग ठरेपर्यंत ती कोणालाही पाठवू नका. भाव सांगण्यासाठी आधारची गरज नसते.

जुनी गाडी द्यायची असेल, तर तिचा भाव बाहेर दोन ठिकाणी काढून घ्या आणि नव्या गाडीची किंमत ठरेपर्यंत तिचा विषय काढू नका. दोन्ही व्यवहार एकत्र केले की एका हाताने दिलेली सूट दुसऱ्या हाताने परत घेतली जाते, आणि ती कुठे गेली हे शोधता येत नाही.

मुहूर्ताबद्दल एक सांगणे आवश्यक आहे. गुढीपाडवा किंवा दसऱ्याला गाडी घरी आणायची इच्छा रास्तच आहे, परंतु त्या दिवशी एकाच शोरूममधून शंभर गाड्या बाहेर पडत असतील, तर तपासणीला कोणालाही वेळ नसतो. मुहूर्त गाठायचा असेल, तर बुकिंग पाच-सहा आठवडे आधी आणि गाडीची तपासणी किमान आठ दिवस आधी झालेली असावी. मुहूर्ताला फक्त पूजा आणि किल्ली एवढेच उरले पाहिजे.

टप्पा ३: ऑन-रोड किंमत ओळीओळीने मागवा

सर्वाधिक चुका इथे होतात, म्हणून या टप्प्याला घाई करू नये. मध्यस्थ आणि शोरूम यांची तुलना ‘सूट किती’ या आकड्यावरून कधीच होत नाही. दोघांकडूनही एकाच व्हेरिएंटचे, एकाच दिवसाचे, लेखी आणि प्रत्येक रक्कम वेगळी दाखवणारे कोटेशन घ्या. त्यात पुढील रकमा वेगवेगळ्या दिसल्या पाहिजेत: एक्स-शोरूम किंमत (रस्ता कर, नोंदणी आणि विमा धरण्याआधीची), रस्ता कर, नोंदणी शुल्क व नंबर प्लेट, विमा, फास्टॅग, टीसीएस, अ‍ॅक्सेसरीज, वाढीव वॉरंटी आणि ‘इतर’.

यांपैकी काही रकमा कोणालाच बदलता येत नाहीत. एक्स-शोरूम किमतीत जीएसटी धरलेला असतो. २२ सप्टेंबर २०२५पासून चार मीटरपर्यंत लांबीच्या आणि १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल किंवा १५०० सीसीपर्यंतच्या डिझेल गाड्यांवर तो १८ टक्के, त्याहून मोठ्या गाड्यांवर ४० टक्के आणि विजेवरच्या गाड्यांवर ५ टक्के आहे. महाराष्ट्रात व्यक्तीच्या नावावरील पेट्रोल गाडीचा एकरकमी रस्ता कर १० लाखांपर्यंत ११ टक्के, १० ते २० लाखांपर्यंत १२ टक्के आणि त्यापुढे १३ टक्के असतो. डिझेलसाठी हेच दर १३, १४ आणि १५ टक्के आहेत. गाडी कंपनीच्या नावावर घेतल्यास दर २० टक्क्यांवर जातो, त्यामुळे व्यवसायाच्या नावाने घेण्याचा सल्ला कोणी दिला तर आधी हा हिशेब करावा. गाडीची किंमत १० लाखांपेक्षा जास्त असेल तर डीलर १ टक्का टीसीएस घेतो; तो खर्च नसून तुमच्या पॅनवर जमा होणारा प्राप्तिकर असतो आणि विवरणपत्र भरताना त्याची वजावट मिळते.

उरलेल्या रकमांमध्येच सगळा खेळ असतो. समजण्यासाठी एक कल्पित उदाहरण घेऊ. पेट्रोल गाडीची एक्स-शोरूम किंमत ११ लाख रुपये आहे. रस्ता कर १,३२,००० रुपये आणि टीसीएस सुमारे ११,००० रुपये, हे दोन्हीकडे सारखेच. शोरूम २०,००० रुपये सूट देते, विमा ४६,००० रुपयांचा लावते, अ‍ॅक्सेसरीजचे पॅकेज १५,००० रुपयांचे आणि हाताळणी शुल्क ६,००० रुपये. मध्यस्थ ४५,००० रुपये सूट सांगतो, पण विमा ६१,००० रुपयांचा, ‘सुरक्षा पॅकेज’ १४,००० रुपयांचे आणि कागदपत्रांचे शुल्क ९,५०० रुपये लावतो. सूट वजा करून या रकमा मिळवल्या, तर शोरूमचा बोजा ४७,००० रुपये आणि मध्यस्थाचा ३९,५०० रुपये होतो. सूट २५,००० रुपयांनी जास्त दिसत होती, फरक प्रत्यक्षात ७,५०० रुपयांचाच निघाला. आता विमा बाहेरून ३८,००० रुपयांत घेऊ आणि पॅकेजे व शुल्के काढून टाकू, असे दोघांनाही सांगा. शोरूम २०,००० रुपयांच्या सुटीवर ठाम राहिले आणि मध्यस्थाने ‘विमा आमच्याकडून नसेल तर २२,०००च देता येतील’ असे सांगितले, तर फरक अवघा २,००० रुपयांवर येतो. एवढ्या रकमेसाठी मध्यस्थाने शोधलेल्या, समजा दीडशे किलोमीटरवरच्या, डीलरकडून गाडी घेणे मला शहाणपणाचे वाटत नाही.

हाताळणी शुल्क, लॉजिस्टिक शुल्क, डेपो शुल्क, फाइल शुल्क अशा नावांच्या रकमा दिसल्या, की ‘ही रक्कम कोणत्या सरकारी पावतीवर येणार आहे?’ असे विचारा. गाडी शोरूमपर्यंत आणण्याचा खर्च एक्स-शोरूम किमतीतच धरलेला असतो. ज्या रकमेची पावती मिळणार नाही, ती कोटेशनमधून काढायला लावा. हे शांतपणे, पण बुकिंगच्या आधी करावे; बुकिंगनंतर असा आग्रह कोणी मनावर घेत नाही.

सुटीचीही फोड मागा. कंपनीची सर्वांसाठीची सूट, डीलरची सूट, जुनी गाडी दिल्यास मिळणारा एक्स्चेंज बोनस आणि ठरावीक कंपन्यांच्या कर्मचाऱ्यांसाठीची सूट या चार वेगळ्या गोष्टी आहेत. मध्यस्थांच्या कोटेशनमध्ये पुष्कळदा चारही एकत्र बेरजेने दाखवलेल्या असतात आणि पैसे भरायच्या दिवशी ‘तुमचे ओळखपत्र चालत नाही’ म्हणून त्यांतली एक गळून पडते.

*सावधान: गोव्यात किंवा शेजारच्या दुसऱ्या राज्यात कर कमी आहे, तिथला नंबर घेऊन देतो, असे सांगणारे एजंट कोल्हापूर-सिंधुदुर्गाकडे भेटतात. गाडी जिथे नेहमी ठेवली जाते किंवा मालक जिथे राहतो, त्याच राज्यात नोंदणी करावी असा कायदा आहे. दुसऱ्या राज्यातला खोटा पत्ता दाखवून घेतलेली गाडी विम्याच्या दाव्याच्या वेळी आणि तपासणी नाक्यावर तुम्हालाच अडचणीत आणेल. एजंट तेव्हा सोबत नसतो.*

टप्पा ४: मध्यस्थ की शोरूम, ते आता ठरवा

दोन्ही कोटेशने अशी फोडून समोर आली की निर्णय अवघड राहत नाही. गाडीला मागणी कमी असेल, तुमच्या शहरात त्या कंपनीचा एकच डीलर असेल आणि तो भावात हलत नसेल, तर मध्यस्थाचा खरा उपयोग होतो, कारण तो पलीकडच्या जिल्ह्यातल्या डीलरला तुमच्यासाठी स्पर्धेत उतरवतो. राज्यातल्या राज्यात नोंदणी कोणत्याही परिवहन कार्यालयात करता येण्याची तरतूद २०१९च्या दुरुस्तीने केलेली असल्यामुळे, साताऱ्यातल्या माणसाने पुण्याच्या डीलरकडून गाडी घेण्यात कायद्याची अडचण नाही. ज्यांना घासाघीस करण्याचा मनापासून त्रास होतो, त्यांनाही मध्यस्थ सोयीचा ठरू शकतो.

उलट, प्रतीक्षा यादी असलेली गाडी, नुकतेच बाजारात आलेले मॉडेल, किंवा जुनी गाडी देऊन घ्यायची नवी गाडी असेल, तर थेट शोरूमच बरे. अशा गाड्यांवर सूट नसतेच. मध्यस्थ फक्त एक फोन वाढवतो. पुढची पाच-सात वर्षे सर्व्हिसिंगसाठी ज्यांच्याकडे जायचे आहे त्यांच्याशी ओळख असण्याचीही किंमत आहे. वॉरंटीचे काम कोणत्याही अधिकृत वर्कशॉपने करून द्यावे लागते हे खरे, तरी विक्रीच्या वेळच्या त्रुटींचा पाठपुरावा गाडी विकणाऱ्या डीलरकडेच करावा लागतो, आणि तो दुसऱ्या शहरात असला की प्रत्येक फेरीला एक दिवस जातो.

आणि एक मधला मार्गही आहे, जो मला स्वतःला सर्वांत योग्य वाटतो: मध्यस्थाचे फोडलेले कोटेशन घेऊन घराजवळच्या शोरूमच्या विक्री व्यवस्थापकाला भेटा. भेट महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात, कामाच्या दिवशी, दुपारी ठेवा. प्रतिनिधीला नसलेले अधिकार व्यवस्थापकाला असतात, आणि त्याला महिन्याचे उद्दिष्ट पूर्ण करायचे असते.

टप्पा ५: विमा आणि कर्ज गाडीपासून वेगळे करा

नव्या खासगी गाडीसाठी तीन वर्षांचा तृतीय पक्ष विमा १ सप्टेंबर २०१८पासून सक्तीचा आहे. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा मात्र एका वर्षाचा घेता येतो. म्हणून कोणी ‘तीन वर्षांचे पूर्ण पॅकेज घ्यावेच लागते’ असे सांगत असेल, तर ते चुकीचे आहे. विमा डीलरकडूनच घेण्याची सक्ती करता येत नाही. बाहेरून घेतलेल्या विम्याला आमच्या वर्कशॉपमध्ये कॅशलेस (दुरुस्तीचे पैसे विमा कंपनीने थेट वर्कशॉपला देणे) मिळणार नाही, ही धमकी नेहमीची आहे. कॅशलेस मिळणे विमा कंपनी आणि वर्कशॉप यांच्यातल्या करारावर अवलंबून असते, पॉलिसी कोणी विकली यावर नाही. विमा कंपनीच्या संकेतस्थळावर तुमचे जवळचे अधिकृत वर्कशॉप यादीत आहे का ते पाहा, आणि निश्चिंत व्हा.

दोन विम्यांची तुलना करताना आयडीव्ही, म्हणजे गाडी चोरीला गेली किंवा पूर्ण निकामी झाली तर मिळणारी कमाल रक्कम, सारखी ठेवा. नव्या गाडीला ती गाडी बनवणाऱ्या कंपनीच्या नोंदलेल्या विक्री किमतीच्या सुमारे ९५ टक्के असते. ती कमी दाखवून हप्ता स्वस्त केलेला असू शकतो. शून्य घसारा, म्हणजे दाव्यात सुट्या भागांच्या जुनेपणाची वजावट न होण्याचे कवच, पहिल्या काही वर्षांसाठी घ्यावाच असे माझे मत आहे. पावसाळ्यात पाणी साचणाऱ्या भागात राहणाऱ्यांनी इंजिन संरक्षणही घ्यावे. टायर, चावी, सामान यांच्यासाठीची लहानसहान कवचे बिनदिक्कत वगळता येतात.

कर्जाच्या बाबतीत व्याजदर न विचारता मुख्य तथ्य पत्रक (की फॅक्ट स्टेटमेंट) मागा. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार १ ऑक्टोबर २०२४पासून किरकोळ कर्जांसाठी ते देणे बंधनकारक आहे, आणि त्यात सर्व शुल्के धरून येणारा वार्षिक खर्चाचा दर एका आकड्यात दिलेला असतो. मध्यस्थाचा ‘साडेआठ टक्के’ आणि तुमच्या बँकेचा ‘नऊ टक्के’ यांत खरे स्वस्त कोणते, ते तिथेच कळते. मुदतीआधी कर्ज फेडल्यास लागणारे शुल्कही त्याच वेळी विचारून घ्या.

*सावधान: कर्ज मंजूर झाले तरी बँकेला रक्कम डीलरकडे पाठवायला लगेच सांगू नका. गाडी तपासण्याआधी पैसे गेले, तर हप्ता सुरू होतो आणि गाडी नाकारण्याचे बळही जाते.*

टप्पा ६: बुकिंगची रक्कम

बुकिंगची रक्कम डीलरच्या चालू खात्यात, बँकेमार्फतच भरावी. खात्याचे नाव कोटेशनवरच्या नावाशी जुळले पाहिजे, आणि कोटेशनवरचा जीएसटी क्रमांक जीएसटीच्या संकेतस्थळावर टाकला की तो कोणाचा आहे ते फुकट कळते. माझ्या भाच्याने एका एजंटाच्या वैयक्तिक यूपीआय क्रमांकावर २१,००० रुपये पाठवले. एजंटाने ते डीलरकडे भरलेच नव्हते. पैसे परत मिळाले, पण अडीच महिन्यांनी, आणि तोवर त्या मॉडेलची किंमत वाढली होती. त्याच्याकडे पावती म्हणून फक्त मोबाइलच्या पडद्याचे छायाचित्र होते.

पावतीवर किंवा बुकिंग फॉर्मवर पुढील गोष्टी हाताने का होईना लिहून घ्या: व्हेरिएंट व रंग, ठरलेली ऑन-रोड किंमत व तिची फोड, अपेक्षित ताबा, बुकिंग रद्द केल्यास किती रक्कम किती दिवसांत परत मिळेल, आणि ‘नोंदणीपूर्वी गाडीची तपासणी करू दिली जाईल’ हे वाक्य. शेवटचे वाक्य लिहायला डीलर तयार नसेल, तर दुसरा डीलर पाहावा.

*पडताळणी: मध्यस्थाला वेगळे शुल्क द्यायचे ठरले असेल, तर ते गाडीचा ताबा मिळाल्यावर, आणि त्याचेही बिल घेऊनच द्या.*

टप्पा ७: चासी क्रमांक आणि नोंदणीपूर्व तपासणी

गाडी डीलरकडे आली की तुमच्या नावे विशिष्ट चासी क्रमांक, म्हणजे त्या एकाच गाडीची ओळख सांगणारा क्रमांक, अलॉट होतो. तो लेखी मागा आणि सोबत उत्पादनाचा महिना व वर्षही लेखी मागा. चासी क्रमांक सतरा अक्षरांचा असतो आणि बऱ्याच कंपन्यांच्या क्रमांकात दहावे अक्षर वर्ष सांगते. ‘एस’ म्हणजे २०२५, ‘टी’ म्हणजे २०२६. हाच महिना-वर्ष पुढे फॉर्म २१वर आणि आरसीवर येतो, त्यामुळे जुन्या वर्षाची गाडी घ्यायची असेल तर त्या मानाने जास्तीची सूट घेऊनच घ्यावी. जानेवारीत मागच्या वर्षाची गाडी नव्या वर्षाच्या भावात विकली जाणे ही नेहमीची गोष्ट आहे.

तपासणीला स्टॉकयार्डात जा, दिवसाउजेडी जा, आणि गाडी धुतलेली असावी असा आग्रह धरा. धाकट्या बहिणीच्या गाडीच्या वेळी मी तिच्याबरोबर वाघोलीजवळच्या एका स्टॉकयार्डात गेलो होतो. बाहेरून गाडी निर्दोष दिसत होती. मागचे डावे दार उघडून बिजागरीचा बोल्ट पाहिला, तर त्याच्या कडांवरचा रंग तडकलेला होता. इतर तीन दारांचे बोल्ट अखंड रंगाखाली होते. मग दाराच्या चौकटीवरचे काळे रबर बोटाने किंचित मागे सारले, तेव्हा त्याच्या आतल्या बाजूला पांढऱ्या रंगाचा बारीक फवारा दिसला. कारखान्यात रबर रंगकामानंतर बसते, त्यामुळे त्याच्यावर रंग असण्याचे कारणच नव्हते. ते दार कुठेतरी लागून पुन्हा रंगवलेले होते. आम्ही छायाचित्रे काढली, डीलरला ईमेल केला आणि चार दिवसांत दुसरा चासी क्रमांक मिळाला. नोंदणी झालेली असती तर फार तर एखादी मोफत सर्व्हिस पदरात पडली असती.

पुढील गोष्टी याच क्रमाने पाहा.

बाहेरून: प्रत्येक पत्र्यावर मोबाइलचा दिवा तिरका धरून रंगाची छटा आणि लाटा पाहा. दारे, बॉनेट आणि डिकी यांच्या फटी दोन्ही बाजूंना सारख्या हव्यात. दारे, बॉनेट व पुढच्या मडगार्डांचे बोल्ट पाहा. सर्व काचांवर एकाच उत्पादकाची खूण असावी.

टायर: बाजूच्या भिंतीवर चार अंकी सांकेतिक आकडा असतो, पहिले दोन अंक आठवडा आणि शेवटचे दोन वर्ष सांगतात. ३४२५ म्हणजे २०२५चा चौतिसावा आठवडा. पाचही टायर एकमेकांच्या आणि गाडीच्या उत्पादनाच्या तारखेच्या जवळचे असावेत. गाडीनंतर बनलेला टायर दिसला, तर तो का बदलला हे विचारलेच पाहिजे.

आतून: किलोमीटर पाहा. स्टॉकयार्ड ते शोरूमचे अंतर धरूनही आकडा शंभराच्या आत असावा. त्याहून जास्त असेल तर ती चाचणी फेरीसाठी वापरलेली गाडी असण्याची शक्यता असते. मॅटखाली ओल किंवा गाळ आहे का ते हात घालून पाहा. सर्व सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढा. पट्ट्याच्या शेवटी चिखलाची रेघ असेल, तर गाडी पाण्यात उभी होती असे समजावे. एसी, सर्व काचा, दिवे, वायपर, कॅमेरा आणि ब्लूटूथ चालवून पाहा.

बॉनेट उघडून: इंजिन सुरू करण्याआधी आणि पाच मिनिटे चालवल्यानंतर गळती पाहा. चासी व इंजिन क्रमांक कागदाशी अंक-अंक ताडा. ब्रेकच्या तबकडीवरचा हलका गंज उभ्या गाडीला येतोच, त्याची काळजी नको.

*पडताळणी: कंपनीच्या ग्राहक क्रमांकावर चासी क्रमांक सांगून वॉरंटी आधीच सुरू झालेली नाही ना, ते विचारा. सुरू झाली असेल, तर ती गाडी पूर्वी कोणाच्या तरी नावे विकलेली दाखवली गेली आहे.*

टप्पा ८: उरलेली रक्कम आणि नोंदणी

तपासणी समाधानकारक झाल्यावरच विमा काढा, बँकेला रक्कम पाठवायला सांगा आणि उरलेले पैसे भरा. रोख रक्कम २ लाख रुपये किंवा त्याहून अधिक देणे-घेणे प्राप्तिकर कायद्याने बंद आहे. ‘काही भाग रोख द्या, सूट देतो’ ही मागणी कोणाचीही असली तरी मान्य करू नये.

नोंदणीचा अर्ज जाण्यापूर्वी त्यातले नाव, पत्ता, मोबाइल क्रमांक आणि कर्ज असल्यास बँकेच्या बोज्याची नोंद स्वतः वाचा. मोबाइल क्रमांक मध्यस्थाचा किंवा शोरूमच्या मुलाचा टाकलेला असणे ही फार आढळणारी चूक आहे, आणि ती पुढे प्रत्येक ओटीपीच्या वेळी छळते. वारसदाराचे नाव नोंदवण्याची सोय अर्जात आहे, ती रिकामी सोडू नका. पसंतीचा नंबर हवा असेल, तर तो अर्ज जाण्यापूर्वीच परिवहनच्या संकेतस्थळावर घ्यावा लागतो.

टप्पा ९: ताबा

नंबर प्लेट बसवल्याशिवाय नवी गाडी मालकाच्या ताब्यात देऊ नये, असे मोटार वाहन कायद्यात स्पष्ट आहे. ‘आज घेऊन जा, प्लेट आठवड्याने बसवू’ हा प्रस्ताव मुहूर्तासाठीही स्वीकारू नका, कारण मधल्या काळात अपघात झाला तर विम्याचा दावा अडकू शकतो.

निघण्यापूर्वी हातात असावे: कर बिल, फॉर्म २१ आणि फॉर्म २२ (गाडी रस्त्यावर चालवण्यायोग्य असल्याचे उत्पादकाचे प्रमाणपत्र) यांच्या प्रती, रस्ता कराची पावती, विमा पॉलिसी, फास्टॅग, वॉरंटीचे पुस्तक, दोन किल्ल्या, जॅक, पाना आणि स्टेपनी. बिलावरची रक्कम कोटेशनशी ताडा. मध्यस्थाने सांगितलेली सूट बिलावर किंवा वेगळ्या क्रेडिट नोटवर (बिलातून कमी केलेली रक्कम दाखवणाऱ्या कागदावर) दिसली पाहिजे, ‘नंतर खात्यात येईल’ यावर विसंबू नये. पीयूसी पहिल्या वर्षी लागत नाही, त्यामुळे त्याचे पैसे लावलेले असतील तर परत घ्या. चासी क्रमांक पुन्हा एकदा पाहा, कारण तपासलेली गाडी आणि समोर उभी असलेली गाडी एकच असल्याची खात्री करण्याची ही शेवटची संधी असते.

काही बिनसले तर

तक्रार प्रथम डीलरला आणि कंपनीला ईमेलने करा. फोनवर बोललात तरी त्याचा सारांश ईमेलने पाठवा. मध्यस्थाचे ऑनलाइन व्यासपीठ असेल, तर ग्राहक संरक्षण (ई-वाणिज्य) नियम, २०२०नुसार त्याला तक्रार अधिकारी नेमावा लागतो, तक्रारीची पोच ४८ तासांत द्यावी लागते आणि महिन्याभरात निवारण करावे लागते. त्याने ‘आम्ही फक्त ओळख करून दिली’ असे म्हटले, तर या नियमाचा उल्लेख करून लिहा. उत्तर न आल्यास १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. त्यानेही काम झाले नाही, तर ५० लाखांपर्यंतच्या खरेदीसाठी जिल्हा ग्राहक आयोगाकडे ई-जागृती संकेतस्थळावरून दोन वर्षांच्या आत अर्ज करता येतो; १० ते २० लाखांच्या गाडीसाठी शुल्क ४०० रुपये आहे आणि वकील सक्तीचा नाही. अर्जाला जोडायला लागतील ते कागद म्हणजे फोडलेले कोटेशन, बुकिंगची पावती, चासी क्रमांकाचा ईमेल आणि तपासणीची तारखेसह छायाचित्रे. ती मोबाइलमध्येच न ठेवता ताबा घेण्यापूर्वी स्वतःच्या ईमेलवर पाठवून ठेवावीत.